वाचक विचारतात : चावडीवरचा रेडिओ, माळ्यावरचा रेडिओ आणि गावाचं स्वतःचं केंद्र

मागच्या अंकात आम्ही लहानपणच्या रेडिओबद्दल लिहायचं आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली, आणि जवळजवळ प्रत्येक आठवणीच्या शेवटी एक प्रश्न होता. त्यातल्या सात प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात. वडील सांगतात की ते लहान असताना चावडीवर रेडिओ होता, संध्याकाळी माणसं जमायची, कार्यक्रम झाला की चर्चा व्हायची आणि गुरुजी ती वहीत लिहून "पुण्याला" पाठवायचे. कुणी विश्वास ठेवत नाही. असं खरंच होतं का?

होतं. वडिलांची आठवण पक्की आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. त्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली. एका मंडळात साधारण १२ ते २० माणसं असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. एक जण बोलणं पुढे नेई, दुसरा टिपून घेई. मंडळांचे प्रश्न आणि अहवाल परत जात आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. वडिलांनी पाहिलेली वही बहुधा याच कामाची.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, आणि ती आजही प्रत्येक रेडिओवाल्याने वाचावी अशी आहे. तुलनेसाठी दोन प्रकारची आणखी गावं घेतली होती : काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे काम पेटीने केलं नाही, पेटीभोवतीच्या बोलण्याने केलं. पुढच्या काही उत्तरांत आम्ही याच मुद्द्यावर परत येणार आहोत, कारण आज गावोगावी केंद्र काढायची इच्छा असलेले लोक नेमकं हेच विसरतात.

१९५९च्या नोव्हेंबरपासून ही योजना देशभर नेली गेली. त्यामुळे आठवण १९५६ नंतरची असली तरी बिघडत नाही. खात्री करायची तर ग्रामपंचायतीची जुनी इतिवृत्तं आणि शाळेचं दप्तर पाहा. रेडिओची बॅटरी, दुरुस्ती, एरियलचे बांबू यांवरचा किरकोळ खर्च पंचायतीच्या वहीत सापडण्याची शक्यता बरीच. वीज नसलेल्या गावांत हे संच बॅटरीवर चालत. ट्रान्झिस्टर घरोघर यायच्या आधी बॅटरीचा व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणारा) म्हणजे ९० व्होल्टचा एक जाडजूड कोरडा ठोकळा, शिवाय व्हॉल्व्हच्या तारा तापवायला दीड व्होल्टची वेगळी सोय. ठोकळा संपला आणि नवा आला नाही की चावडी मुकी.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक मिळालं. त्यावर तिकिटं चिकटवलेली आहेत. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा?

लागायचा, आणि तो टपाल कार्यालयातून मिळे. दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण करायचं. १९७०च्या दशकात ते साधारण १५ रुपये होतं. कायद्याचा आधार १८८५च्या तार अधिनियमाचा. घरगुती रेडिओचा परवाना १९८०च्या दशकाच्या मध्यात रद्द झाला. पुस्तकात संचाची कंपनी, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेला असतो. घरात तो रेडिओ अजून असेल तर पुस्तक त्याच्याजवळच ठेवा. लॅमिनेशन करू नका, तिकिटांचा डिंक आणि कागद दोन्ही खराब होतात.

प्रश्न : माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ तीस वर्षं पडून आहे. दिसायला चांगला आहे. प्लग लावून बघू का?

नका लावू. इतक्या वर्षांनी सरळ वीज दिलेला रेडिओ पाचदहा मिनिटं छान वाजतो आणि मग धूर निघतो. कारण सांगतो.

आतले जुने कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) मेणकागदाचे असतात आणि फिल्टरचे मोठे कंडेन्सर रासायनिक असतात. दोन्ही वापराविना बिघडतात. पहिले गळतात, दुसरे सुकतात. सर्वांत घातक गळती एकाच लहान कंडेन्सरची : आवाजाच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेट नावाच्या टोकावरून आउटपुट (स्पीकर हलवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या ग्रिड नावाच्या टोकावर जाणारा, साधारण ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा. तो गळला की ग्रिडवर धन दाब चढतो, आउटपुट व्हॉल्व्ह भरमसाट प्रवाह ओढतो, आणि त्याच्यासोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. चहाच्या किमतीतला भाग न बदलल्यामुळे बाजारात न मिळणारा भाग जातो. म्हणून हा कंडेन्सर तपासत बसू नका, थेट बदला. नवा ६३० व्होल्टचा घ्या.

त्याआधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून मऊ ब्रशने धूळ झाडा आणि व्हॉल्व्हवरचे आकडे वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ अशी 'ई'ची मालिका असेल तर त्यांच्या तारा ६.३ व्होल्टवर तापतात, आणि बहुतेक वेळा मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर दिसेल. पण यूसीएच, यूबीएफ, यूसीएल असा 'यू' दिसला तर थांबा. हा एसी-डीसी संच. यात लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो आणि प्लग उलटा बसला तर सगळा सांगाडा जिवंत होतो. घुंडी निघालेल्या दांड्याला बोट लागलं तरी झटका बसतो. असा संच अनुभवी कारागिराकडेच द्या.

'ई' मालिकेच्या संचात पुढचं काम असं. फिल्टरचे कंडेन्सर बदला. जुन्या डब्यावर ३२+३२ किंवा ५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट असं काहीसं असेल. त्याजागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन बसवा. "मोठा घातला तर घरघर कमी होईल" म्हणून १०० किंवा २२० घालू नका. ईझेड ८० किंवा ८१ या रेक्टिफायर (एसीचं डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, त्यापुढे चालू होताना तो मरतो. विजेच्या वायरचं रबर तडकलेलं असणारच, तीही बदला.

मग पहिली वीज बल्बमधून द्या. ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब रेडिओच्या एका तारेत एकसर (सिरीजमध्ये) जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. चालू करताच बल्ब उजळून हळूहळू मंदावला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्बमधून दाब कमी मिळत असल्याने आवाज बारीक येईल, तो दोष नव्हे.

आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने तो उतरवा, मीटरने शून्य पाहा आणि मगच हात घाला. दुसरा हात खिशात ठेवायची जुन्या कारागिरांची सवय उगीच नाही. प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर मध्ये छाती येते.

बाकीचे दोष किरकोळ. आवाजाची घुंडी फिरवताना खरखर आली तर व्हॉल्यूमच्या पट्टीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. काटा सरकत नसेल तर डायलची दोरी सैल असते. स्प्रिंग ताणा, चाकाला चिमूटभर राळ लावा. सगळं ठीक असून स्टेशन येत नसेल तर मागच्या एरियलच्या भोकात तीनचार मीटर वायर लावून खिडकीबाहेर काढा.

डायलवर आकडे किलोहर्ट्झऐवजी मीटरमध्ये असतील तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागा. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३७९ मीटर.

प्रश्न : लहानपणी रात्री कुठकुठली स्टेशनं लागायची! आता दिवसा जवळचंही खरखरतं. रेडिओ बिघडला की हवा बदलली?

रात्रीचं कारण आकाशातच आहे. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर दिवसा मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरळ होतो, लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री नऊनंतर परक्या भाषा एकमेकींवर चढतात.

जुनी ठिकाणं ज्यांना पाठ आहेत त्यांच्यासाठी : पुणे ७९२, नागपूर ५८५, मुंबई १०४४ आणि ५५८, जळगाव ९६३, सांगली १२५१, रत्नागिरी ११४३, परभणी १३०५, पणजी १२८७ किलोहर्ट्झ. सगळे आकडे नऊने भागले जातात, कारण १९७८च्या नोव्हेंबरपासून मध्यम लहरींची घरं नऊ-नऊच्या अंतरावर मांडली गेली. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींचे बरेच ट्रान्समीटर बंद करून भर एफएमवर दिला आहे. त्यामुळे आपलं स्टेशन त्या जागी शांत असेल तर रेडिओला दोष देण्याआधी तेच केंद्र एफएमवर शोधा.

खरखर मात्र बहुतेक वेळा घरातली असते. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर आणि टीव्हीचा डबा मध्यम लहरींवर कचरा सांडतात. ट्रान्झिस्टर सेलवर चालवा, घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा आणि एकेक वस्तू चालू करत जा. गुन्हेगार सापडतो. आणि रेडिओ टेबलावर फिरवून पाहा. आत फेराइटची कांडी आडवी असते, तोच त्याचा एरियल. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिकडचं कमी ऐकू येतं. स्टेशन मोठं करण्यापेक्षा टोक खरखरीकडे वळवून ती मारणं जास्त उपयोगी. लहानपणी घरातलं एखादं माणूस रेडिओ विशिष्ट कोनातच ठेवायला लावायचं, ते याचसाठी.

प्रश्न : आमच्या संस्थेला तालुक्यासाठी सामुदायिक रेडिओ काढायचा आहे. कुठून सुरुवात करावी? किती लांब ऐकू जाईल?

आधी पात्रता. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी, शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र यांना परवानगी मिळते. स्वयंसेवी संस्थेचं समाजातलं काम किमान तीन वर्षांचं असावं लागतं. एकट्या व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठीच्या कंपनीला मिळत नाही. अर्ज केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन करायचा. तो गृह, संरक्षण अशा मंत्रालयांकडून तपासून येतो, मग इरादापत्र, मग वारंवारता आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, शेवटी करार. वेळ लागतो. त्या काळात यंत्रं विकत घेऊ नका, माणसं तयार करा.

ही वाट मोकळी कशी झाली तेही माहीत असावं. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. २००२च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना दार उघडलं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. २००४च्या १ फेब्रुवारीला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. २००८ मध्ये आताच्या तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूरला दलित शेतकरी स्त्रियांचा संघम रेडिओ सुरू झाला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी. यांतल्या एखाद्या केंद्रात आठवडाभर बसून या. कागदपत्रांपेक्षा ते जास्त शिकवेल.

आता पल्ला. ट्रान्समीटर ५० वॅटचा. एकावर एक दोन भागांचा उभा अँटेना लावला की शक्ती दुप्पट धरली जाते, म्हणून १०० वॅट प्रभावी शक्ती, आणि सर्वसाधारणपणे तीच कमाल मर्यादा. अँटेनाची उंची जमिनीपासून १५ मीटरपेक्षा कमी नको, ३० पेक्षा जास्त नको. सपाटीवर दहा ते पंधरा किलोमीटर धरा. एफएम सरळ रेषेत जातं, डोंगराआडच्या वाडीला तीन किलोमीटरवरही काही मिळणार नाही. अर्जाआधी तालुक्याचा उंचसखल नकाशा घ्या आणि मनोऱ्याच्या जागेवरून कोणत्या वाड्या डोळ्यांना दिसतात ते खरोखर चढून पाहा. तालुका डोंगराळ असेल तर "तालुक्याचं केंद्र" म्हणू नका. तेवढ्या दहावीस गावांचं म्हणा.

बंद पडायची कारणं ठरलेली आहेत. अँटेनाच्या जोडात पावसाचं पाणी शिरतं, लहर परत येते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती घटवतो. लोक म्हणतात "पावसात ऐकू येत नाही". दर मे महिन्यात जोड उघडून कोरडे करा आणि स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा. मनोऱ्याची भूजोडणी (अर्थिंग) वेगळी आणि खोल घ्या, वळवाची वीज दरवर्षी कुठेतरी एक ट्रान्समीटर घेऊन जाते. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर ट्रान्समीटर आणि मिक्सर दोन्हीला पुरेल असा घ्या. ५० वॅटचं यंत्र भिंतीतून त्याच्या दुपटीतिपटीने वीज घेतं.

नियम थोडक्यात : निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांनी केलेला हवा. सगळं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावं लागतं. जाहिराती आधी तासाला ५ मिनिटं होत्या, पुढे ७ झाल्या, २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी १२ केल्या. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. पण हवामान, पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, परीक्षा, जत्रा, साथीच्या रोगाची स्थानिक प्रशासनाने दिलेली सूचना हे बातमीत मोडत नाही. गावाला रोज हवं असतं ते बरंचसं यातच आलं.

आणि वेळापत्रक. नवी केंद्रं पहिल्या दिवशी बारा तासांची घोषणा करतात आणि तिसऱ्या महिन्यात गाणी लावत बसतात. एका तासाच्या चांगल्या कार्यक्रमामागे चारपाच तासांचं काम असतं. दोन तास नवं सकाळी, तेच संध्याकाळी पुन्हा, इतक्यावर वर्ष काढा. सकाळी रानात गेलेल्या माणसाला संध्याकाळचं नवंच असतं. पुण्याच्या १९५६च्या प्रयोगाचा धडा इथे लावा : पैसे दुसऱ्या स्टुडिओवर घालण्याआधी दहा गावांत दहा श्रोता गट उभे करा. बचत गट, दूध डेअरी, तालीम, जे असेल ते. त्यांचे प्रश्न आठवड्याच्या आत हवेत गेले पाहिजेत, प्रश्न विचारणाऱ्याच्या गावाच्या नावासकट. तेवढं पाळलं तर श्रोते टिकतात.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर आमचं सामुदायिक केंद्र लागत नाही, आईच्या साध्या फोनवर लागतं. असं का?

बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएमची सोय बंद असते किंवा नसतेच. ज्यात आहे त्यात हेडफोनची वायर हाच एरियल असतो. बिनतारी हेडफोन चालत नाही, वायरचा लावा, सरळ लोंबकळू द्या, मग स्पीकरवर ऐका. इंटरनेटवरचं 'रेडिओ' अॅप ही वेगळी गोष्ट, ते केंद्राने स्वतः ऑनलाइन सोडलं असेल तरच मिळेल.

प्रश्न : आमच्या केंद्रासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. दोन केल्या, पण दोन्ही "तेव्हा बरं होतं" यापुढे जातच नाहीत.

दोष प्रश्नांचा आहे. "तेव्हा कसं होतं?" विचारलं की तेच उत्तर येतं. वस्तू आणि जागा विचारा. रेडिओ घरात कुठे ठेवला होता? त्यावर काय झाकलेलं असायचं? कोण लावायचं, कुणाला हात लावायची बंदी होती? सेल कुठून आणत, संपत आले की उन्हात ठेवत का? शेजारून कोण ऐकायला यायचं आणि ते कुठे बसायचे, ओसरीवर की अंगणात? बायका कुठून ऐकत? शेवटचे दोन प्रश्न विचारल्यावर गाव उलगडतं, कारण कोण आत बसलं आणि कोण उंबऱ्याबाहेर राहिलं हे त्यात येतं. उत्तर अवघड आलं तरी घाई करून पुढे जाऊ नका.

तांत्रिक बाजू सोपी आहे. स्लॅबची रिकामी खोली घुमते. गोधड्या, गाद्या, धान्याची पोती असलेली खोली उत्तम. पंखा आणि फ्रिज बंद, मोबाइल विमानाच्या खुणेवर. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून आपली गाडीची किल्ली त्यात ठेवा. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनेलला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. सुरुवातीला तारीख, गाव, नाव, वय बोलून घ्या. शेवटी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता मुद्रित करा. संकलनात तुकडे जोडताना ती लागते. ऐकताना "हं, हो का" म्हणू नका, मान हलवा.

मागे टीव्हीवर चित्रपटगीत चालू असेल तर ते थांबवा, प्रसारणात हक्कांची अडचण येते. आजीने स्वतः म्हटलेली जात्यावरची ओवी मात्र पूर्ण घ्या, मध्ये तोडू नका. प्रसारणाची संमती बोलून आणि कागदावर दोन्ही प्रकारे घ्या. नंतर एखादा भाग काढा म्हणाल्या तर काढा.

मग दुसरी फेरी, जी बहुतेक केंद्रं करत नाहीत. मुद्रण हवेत सोडण्याआधी पारावर किंवा मंदिरात पाचपंधरा जणांना ऐकवा आणि तेव्हाही माइक चालू ठेवा. कुणीतरी म्हणणारच, "नाही, रेडिओ पाटलाकडे नव्हता, शाळेत होता." मग दुसरा बोलेल. दोघांचं म्हणणं ठेवा, निवाडा करू नका. या दुसऱ्या मुद्रणातूनच बहुधा चांगला कार्यक्रम निघतो. मूळ फायलींच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. आणि घरच्यांना एक प्रत एमपी-थ्री करून त्यांच्या फोनवर घालून, एकदा वाजवून दाखवूनच परत या.